सहा पंख्यांची शांतता

आमच्या कापडगिरणीच्या मागखात्यात एकदा वीज पडली होती. अंगणात, अगदी दारासमोर. आत आम्ही सगळे कामाला, आणि एकानेही मान वर केली नाही. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आलो तेव्हा कळलं, कारण दारातलं झाड अर्धं जळालं होतं आणि मुकादम त्याच्याकडे असा बघत होता, की जणू झाडच कामावर उशिरा आलंय. ज्यांना हे खोटं वाटतं ते कधी चालू मागांच्या मधोमध उभे राहिलेले नाहीत. तिथे माणसाला स्वतःची शिंकसुद्धा नाकाने कळते, कानाने नाही.

मी तिथे जॉबर होतो, म्हणजे माग बिघडला की तो बरा करणारा. आमची ही पलीकडच्या रांगेत सुताच्या कांड्या भरायची. खात्यात तोंडाने बोलण्यात अर्थ नसायचा, म्हणून सगळे ओठ वाचायचे आणि हातांनी बोलायचे. धागा तुटला, पाणी आण, मुकादम येतोय, याची सून त्याला विचारत नाही, सगळं हातांनी. मी हिला लग्नाचं विचारलं तेही मधले माग ओलांडून, हातांनीच. तिचं उत्तर मधल्या साऱ्या बायकांनी वाचलं, त्यामुळे आम्हाला निराळ्या निमंत्रणपत्रिका छापाव्या लागल्या नाहीत.

खातं बंद पडलं आणि आम्ही घरी आलो, पण कान तिथेच राहिले. मोठं ऐकू येतं, बारीक येत नाही. ढग ऐकू येतो, डास येत नाही. डासाच्या बाबतीत ही सोयच आहे. मुलाने कानात घालायची यंत्रं आणून दिली आहेत, ती डबीत सुखाने झोपलेली असतात. घातली की भांडी, खुर्च्या, चपला सगळं एकदम अंगावर धावून येतं. त्यापेक्षा आम्ही दोघं एकमेकांशी नदीच्या दोन काठांवरून बोलावं तसं बोलतो. दोन खोल्यांचं घर आहे, नदी तशी अरुंद आहे.

अशा घरात सूनबाई आली. तिचा आवाज म्हणजे नव्या साबणाच्या वडीसारखा, मऊ आणि कोरीव. पहिले सहा महिने ती काय बोलते ते आम्ही ओठांवरूनच वाचत होतो. आमचा चिरंजीव लांब पल्ल्याचा ट्रेलर चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. बाकी दिवस घरात आम्ही तिघं. ती टेलिफोन कंपनीत तक्रारी ऐकायच्या कामाला होती. दिवसभर कानाला हेडफोन आणि पलीकडून शिव्या. उत्तरं देऊन देऊन तिचा घसा बसायला लागला, तेव्हा घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "एक तर हे काम सोडा, नाही तर आवाज सोडा."

तिने एक तिसरीच वाट काढली. पुस्तकं आवाजात काढणारी एक कंपनी होती. कुणीतरी पुस्तक वाचायचं, लोकांनी ते स्वयंपाक करताना, गाडी चालवताना ऐकायचं. सूनबाईने आमचं लग्नातलं लाकडी कपाट रिकामं केलं, आतून जाड पांघरुणं टांगली, मायक्रोफोन बसवला, दाराला भोक पाडून वायर बाहेर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपर्यंत नेली, आणि स्वतः आत शिरून दार लावून घेतलं. पहिल्या दिवशी आमच्या हिला वाटलं पोरगी रुसली. तिने बाहेरून दाराशी ताट ठेवलं.

वाचलेला नमुना कंपनीला गेला आणि तिथल्या तपासणीस बाईंचं उत्तर आलं. सूनबाईने ते आम्हाला समोर उभं राहून, ओठ नीट हलवत वाचून दाखवलं. आवाज हवा होता तसाच आहे. जाडजूड कादंबरी आहे, ती तुम्हालाच द्यायचा विचार आहे, आणि ती नीट झाली तर मागून आणखी येतील. पण तुमच्या आवाजामागे काहीतरी घोंगावतंय. शुक्रवारपर्यंत स्वच्छ नमुना पाठवा, नाही तर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.

"म्हणजे हे जमलं की टेलिफोन सुटला?" आमच्या हिने विचारलं.

"सुटला, आई."

"मग घोंगावतंय काय?"

तिने कोपऱ्याकडे बोट केलं. कॉम्प्युटरकडे.

मी जाऊन त्याला कान लावला. "हा तर मुक्याने बसलाय."

"तुमच्यापुढे मीपण मुकीच असते," आमची ही म्हणाली. "म्हणून काय बोलत नाही का?"

तो कॉम्प्युटर चिरंजीवाने कधीकाळी जुने भाग जमवून बांधलेला. जाड पत्र्याचं कॅबिनेट, उचलायला दोघं लागायचे. त्याला दोन दुखणी होती. एक म्हणजे तो घोंगावायचा, आणि दुसरं म्हणजे तो इतका संथ होता, की वाक्य वाचून झाल्यावर ते साठवायला घ्यायचा आणि मधेच विसरून जायचा. मी चिरंजीवाला फोन लावला. तो कुठल्यातरी ढाब्यावर थांबला होता.

"बाबा, नुसता पंखा बदलून भागणार नाही. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, सगळंच जुनं झालंय. मी आल्यावर बघतो."

"तू येणार पुढच्या पंधरवड्यात. शुक्रवार काय तुझ्यासाठी रस्त्यात गाडी लावून थांबणार आहे?"

"मग तिला घेऊन जा दुकानात."

"ती कामाला जाते. आणि यंत्र निवडायला मला सोबत कशाला लागते रे? अख्खा जन्म यंत्रांच्या पोटात हात घालण्यात गेला माझा."

सूनबाई निघताना दारात थांबली. "बाबा, बाकी काही समजलं नाही तरी चालेल. एकच बघा. आवाज नको."

"तू बिनघोर जा," मी म्हटलं. आणि बघा, या घरात आवाजाची निवड करायला बाहेर पडलं कोण, तर आम्ही दोघं. पण तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मांजराला दुधाची राखण देतात तेव्हा निदान मांजराच्या तरी लक्षात येतं.

सुटे भाग विकणारं दुकान बसथांब्यासमोर होतं. पुढे वाहनं, शेजारी झेरॉक्सवाल्याचा जनरेटर. दुकानदार सज्जन माणूस, पण त्याच्या मिशा अशा होत्या, की ओठांवर छप्पर घातल्यासारख्या. आणि त्या छपराखालून तो अगदी हळू बोलायचा. मी जगातल्या कुठल्याही माणसाचे ओठ वाचतो. इथे वाचायला ओठच नव्हते. आता "पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही" असं म्हणण्यापेक्षा मी हत्ती विकत घेऊन घरी जाईन, अशा स्वभावाचा माणूस आहे. म्हणून तो बोलला की मी मान डोलावायचो. मी डोलावली म्हणून आमची हीपण डोलावायची. दुकानदाराला वाटलं असेल, एवढं समजदार गिऱ्हाईक जन्मात आलं नाही.

माझं गणित सरळ होतं. कमजोर माणूस ओझं उचलताना कण्हतो, पैलवान कण्हत नाही. तेव्हा पैलवान घ्यायचा. मी सगळ्यात दांडगा प्रोसेसर आणि त्याला जोडीचे मदरबोर्ड, रॅम काढायला सांगितले. मग एक ग्राफिक्स कार्ड घेतलं, विटेएवढं, त्याच्यावर तीन पंखे. ते चित्रांसाठी असतं, आवाजाच्या कामात त्याचा काडीचा उपयोग नसतो, हे मला नंतर कळलं. मग काचेच्या दाराचं नवं कॅबिनेट, त्याला पुढे दोन आणि मागे एक पंखा, आणि पंख्यांत रंगीबेरंगी दिवे.

दुकानदार छपराखालून काहीतरी बरंच बोलला. मी मान डोलावली.

"चालवून दाखवा," मी म्हटलं. त्याने पंखे चालू केले. मी कान लावला. काही नाही. आमच्या हिने कान लावला.

"अहो, हे फिरतायत तरी का?"

"बोट घालून बघ."

"तुम्हीच घाला, तुमची बोटं जास्तीची आहेत."

सहाच्या सहा पंखे आम्ही असे तपासले. एकानेही हूं की चूं केलं नाही. आम्ही इतके खूश झालो, की घरचं जुनं खटारं तसंच ठेवायचं ठरवून नव्या पैलवानाला रिक्षात आमच्या दोघांच्या मधे बसवून आणलं.

घरी मी तो जोडला. मदरबोर्ड म्हणजे पाया, बाकी सगळं त्याच्यावर बसतं. सोबतच्या कागदावर चित्रं होती आणि माझे हात अजून शाबूत आहेत. रॅमची पट्टी कवळीसारखी खटकन बसली. सगळं लागलं तेव्हा बटण दाबलं आणि आम्ही दोघं समोर खुर्च्या घेऊन बसलो. दिवे लागले, पंखे फिरले, आणि काय ती शांतता. देवळात नसेल अशी. सहा पंख्यांची शांतता. तेवढ्यात खिडकीचा पडदा आडवा झाला आणि तसाच राहिला. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं आपोआप उलटत पुढच्या महिन्यात गेली, त्यामुळे शुक्रवार क्षणभर आपल्या मागे पडला असं वाटलं.

"वारा छान देतोय," आमची ही म्हणाली.

दार वाजलं असणार, कारण ते उघडलं. शेजारीण होती, शिवणकाम करणारी. तिच्या गळ्यात मापाची फीत होती आणि ती ओरडत होती. ती ओरडतेय हे तिच्या मानेच्या शिरांवरून कळलं.

"काका, घरात पिठाची गिरणी टाकलीत का?"

"गिरणी कसली? कॉम्प्युटर आहे. एकदम शांत."

तिने माझ्याकडे बघितलं, मग आमच्या हिच्याकडे बघितलं, आणि कानात बोटं घातली.

तिच्या मागे जिन्यात सूनबाई उभी होती. नुकतीच कामावरून आलेली, खांद्याला पिशवी. मी तिचा चेहरा बघितला. तो चेहरा मी ओळखतो. नवा माणूस पहिल्यांदा मागखात्याच्या दारात आला, की त्याचा तसा चेहरा व्हायचा.

"कसा आहे?" मी तरी विचारलं.

"छान आहे, बाबा," ती म्हणाली. "दिवे सुंदर आहेत."

वाकडा शब्द काढला असता तर बरं झालं असतं. तिने पिशवी ठेवली, कपाट उघडलं आणि टांगलेली पांघरुणं एकेक करून काढायला लागली.

"ती कशाला काढतेस गं?" आमच्या हिने विचारलं.

"थंडीला लागतीलच की. राहू द्या आई, मी कळवते त्यांना. टेलिफोन काही वाईट नाही."

हे शेवटचं ती इतकं हळू बोलली, की मला ओठांवरूनसुद्धा अर्धंच वाचता आलं. अर्ध्यानेही काम झालं.

मी बटण बंद करायला उठलो. आमची ही माझ्या आधी पोचली होती. पदराने काच पुसायला म्हणून तिने कॅबिनेटवर हात टेकला, आणि ती थांबली. दुसऱ्या हाताने तिने मला खूण केली. कित्येक वर्षांत न केलेली खूण होती. इकडे ये, माग बिघडलाय.

मी तळहात टेकवला. अहो, ते कॅबिनेट थंडीतापाच्या रोग्यासारखं कापत होतं. पुढचा एक पंखा लंगडत होता, कार्डावरचे तिघे आपसांत भांडत होते, आणि काच तर नुसती दात वाजवत होती.

खात्यात एवढ्या गोंगाटात एका मागाचं दुखणं कानाने कधीच कळायचं नाही. आम्ही चौकटीला हात लावायचो. सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा कुठे ठेचकाळतोय, कुठला बोल्ट ढिला पडलाय, सगळं तळहाताला कळायचं.

"अहो," आमची ही म्हणाली, "आपण याला कानाने का निवडलं?"

मी बटण बंद केलं. तिने नंतर तो प्रश्न शेजारणीलाही सांगितलाच.

पांघरुणं परत कपाटात गेली. सूनबाईने शुक्रवारपर्यंत रजा टाकली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं दुकानात हजर झालो. रिक्षात मधे पैलवान, दोघांच्या मांड्यांवर मिळून जुनं कॅबिनेट. दुकानदाराने आमच्याकडे बघून कपाळाला हात लावला.

तो काय म्हणाला ते सूनबाईने आमच्याकडे तोंड करून सांगितलं, "ते म्हणतायत, काका, मी बजावलं होतं. हे खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी आहे, भरपूर आवाज करतं. तुम्ही मान डोलावलीत."

"मान डोलावणं म्हणजे होकार, असं यांना कुणी सांगितलं?"

सूनबाईने हे काही पोचवलं नाही. तिने दुकानदाराला कपाट, मायक्रोफोन, शुक्रवार असं सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता मिशीवरून हात फिरवत गेला आणि शेवटी त्याने पैलवान मुकाट्याने काउंटरच्या आत ओढून घेतला. चांगला माणूस. त्याच्या बायकोला रात्री झोप लागत नाही, ती वाचलेल्या गोष्टी ऐकत पडते, असं त्याने सांगितलं म्हणे.

मग निवड सुरू झाली. सूनबाईने पहिल्यांदा ग्राफिक्स कार्ड उडवलं. चित्रं दाखवण्यापुरती सोय ज्याच्या पोटातच आहे, असा साधा प्रोसेसर घेतला. तो कमी तापतो, म्हणजे त्याला वारा कमी लागतो. तीन भांडखोर तिथेच गेले. रॅम भरपूर घेतली, वाक्य मधेच विसरायला नको म्हणून. जुन्या हार्ड डिस्कला आमच्या हिने हात लावला तर आत तबकडी फिरत होती आणि जात्यासारखी घरघर हाताला लागत होती. तिच्या जागी एसएसडी आली. तिच्यात फिरणारं काहीच नाही, निव्वळ दगड. आमच्या हिने तिच्यावर हात ठेवला आणि पसंतीची मान डोलावली. या वेळी खरी.

"कॅबिनेट?" सूनबाईने विचारलं.

मी काचेचं नवं आणि पत्र्याचं जुनं शेजारी ठेवून दोन्हीवर बोटाने टकटक केलं, हात ठेवूनच. नवं शहारत राहिलं. जुनं एकदा हूं म्हणालं आणि गप्प बसलं.

"जुनंच," मी म्हटलं. "पोराने काहीतरी बरं केलेलं दिसतंय."

राहिला पंखा. प्रोसेसरवर आता धातूच्या पात्यांचा उंच मनोरा बसायचा होता, ज्याला हीटसिंक म्हणतात, आणि त्याला एकच पंखा. मोठा, म्हणजे सावकाश फिरला तरी चालणारा. मनोरा जुन्या कॅबिनेटमध्ये मावेल का, हे मी वीत लावून बघितलं. दार लागत होतं, मधे नखाएवढी फट राहत होती. नख माझंच धरा, आमच्या हिचं नको.

पण पंखा शांत आहे का, हे सूनबाईला काही कळेना. तिने कान लावला, डोळे मिटले. बाहेर बस थांबली. बस गेली तर जनरेटर सुरू झाला. ती हताश होऊन माझ्याकडे बघायला लागली. "बाबा, इथे मलाही काही ऐकू येत नाहीये."

"ये आमच्यात," मी म्हटलं.

आमच्या हिने बाह्या सारल्या. दुकानदाराने पंखा चालू करून टेबलावर ठेवला. तिने चौकटीला दोन बोटं टेकवली आणि मला हातांनी सांगितलं, लंगडा. दुसरा ठेवला. दारुडा. तिसरा. याला ताप आहे. चौथ्याला तिने अशी खूण केली, जिचा अर्थ मी इथे लिहीत नाही, ती मुकादमासाठी राखून ठेवलेली होती. सूनबाई मला विचारत होती आणि मी तिला भाषांतर करून देत होतो.

दुकानदार आता काउंटरबाहेर आला. "काकू, हे सगळे एकाच खोक्यातले आहेत." हे त्याने इतकं मोठ्याने म्हटलं, की मलासुद्धा ऐकू आलं.

"भाऊसुद्धा एकाच पोटचे असतात," आमची ही म्हणाली. "दीर बघा माझे."

पाचव्या पंख्यावर तिने बोटं ठेवली आणि ठेवूनच दिली. मग मला जवळ बोलावलं. मी बोट लावलं. आत काहीतरी चाललंय एवढंच कळत होतं, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवल्यावर कळतं तसं. मी सूनबाईचा हात धरून तिची बोटं तिथे ठेवली. सुरुवातीला तिला काही कळेना. मग कळलं. तिचे डोळे मोठे झाले, आणि तिने विचारलं, "तुम्हाला नेहमी असं ऐकू येतं?"

"तुझ्या बोलण्यापेक्षा स्पष्ट," मी म्हटलं.

गुरुवारी मी कॉम्प्युटर बांधला. चालू केल्यावर सूनबाई खोलीच्या मधोमध उभी राहिली, श्वास धरून. मग तिने बोट उचललं. अजून काहीतरी होतं, अगदी बारीक. आमची ही कॅबिनेटवरून टेबलावर आली, टेबलावरून पायावर, आणि पायाशी हात ठेवून तिने शोध लावला. कॅबिनेट शांत होतं, पण टेबल त्याच्याशी बोलत होतं. माझ्या हत्यारांच्या पेटीत मागावरच्या चामड्याचा एक जाड पट्टा अजून पडून होता. का ठेवलाय म्हणून आमची ही मला गेली कित्येक वर्षं टोचत होती. मी त्याचे चार तुकडे करून कॅबिनेटखाली दिले आणि तिच्याकडे बघितलं. तिने दुसरीकडे बघितलं.

सूनबाई पुन्हा मधोमध उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "काही नाही. बाबा, काहीच नाही." कपाटात शिरली, एक पान वाचलं, बाहेर आली आणि हेडफोन लावून ऐकायला बसली. ऐकता ऐकता ती हसायला लागली.

"काय झालं?"

"मागे कुणीतरी म्हणतंय, चहात साखर घातलीस का."

कॉम्प्युटर शांत झाल्यावर घरात आवाज करणारं एकच यंत्र उरलं होतं. त्याला सुटे भाग मिळत नाहीत.

"शुक्रवारी आम्ही बागेत जाऊन बसतो," मी म्हटलं.

"बाहेर कशाला?" आमची ही म्हणाली, आणि पुढचं हातांनी. बोलायचंच नाही ना? मग आपल्याइतकं न बोलणारं दुसरं कोण आहे?

तर शुक्रवारी सकाळी सूनबाईने कपाटाचं दार ओढून घेतलं आणि या घराच्या इतिहासात पहिल्यांदा सगळं बोलणं तोंडाशिवाय सुरू झालं. शेजारणीने शिवणयंत्र बंद ठेवलं होतं, ती आमच्याकडे येऊन बसली आणि तासाभरात 'सुई', 'चहा' आणि 'हा माणूस ऐकत नाही' या तीन खुणा शिकली. शेवटची आमच्या हिने स्वतःहून शिकवली. साखरेवरून आमचं भांडण झालं, तेही हातांनी. हातांनी भांडण्यात एक अडचण आहे. समोरच्याने पाठ फिरवली की आपलं म्हणणं हवेत राहतं. आमची ही शेगडीभोवती पाठ फिरवत राहिली आणि मी तिला प्रदक्षिणा घालत राहिलो. दूध वर आलं तेव्हा ते उतू जायच्या आत तिने भांड्याच्या कडेला हात लावून उतरवलं. चमचा ताटलीत ठेवला तो बाळाला पाळण्यात ठेवावं तसा.

मग मला राहवेना. मी जाऊन कपाटाच्या लाकडावर तळहात ठेवला.

सूनबाईचा आवाज या घरात मला कधी नीट आला नव्हता. लाकडातून तो येत होता. शब्द नाहीत, पण चाल येत होती. लांब वाक्य हळूहळू चढत जायचं, वर थांबायचं, मग एकदम दोन-तीन आखूड वाक्यं पायऱ्या उतरल्यासारखी. मी हिला खूण केली. तिने हात पुसून माझ्या हाताशेजारी ठेवला. शेजारीणही आली. आम्ही तिघं कपाटाला हात लावून उभे, भिंत कोसळतेय आणि आम्ही ती धरून ठेवलीय तसे. त्या वेळी चिरंजीव आला असता तर त्याने डॉक्टरला बोलावलं असतं.

नमुना गेला. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी सूनबाई टेलिफोनच्या कामावर गेली आणि घरात पुन्हा नदीचे दोन काठ सुरू झाले, पण दोघांचंही बोलण्यात लक्ष नव्हतं. संध्याकाळी ती परतली. दारात उभी राहिली, पिशवी खांद्यावर तशीच.  तिने उजवी मूठ छातीसमोर धरली आणि डावीकडे नेली, उजवीकडे नेली, पुन्हा डावीकडे, धोटा पळतो तशी.

ही खूण तिला कुणी शिकवली, मला ठाऊक नाही. मी शिकवली नव्हती. आमची ही म्हणते तिनेही नाही. माग चालू झाला, असा तिचा अर्थ आहे.

तपासणीस बाईंनी लिहिलं होतं म्हणे, की मागे काहीच नाही, कुठल्या स्टुडिओत वाचलं? आधी कादंबरीचे पहिले भाग करा, ते नीट झाले की पुढचे, असं ठरलं. टेलिफोनचा राजीनामा अजून एक महिना तिथेच अडकलाय, पण डॉक्टरांना तिने तारीख सांगून टाकली आहे. दुकानदाराने बायकोसाठी कादंबरीची आगाऊ चौकशी केली आणि, खोटं वाटेल, मिशी कातरून घेतली. खाली चांगले ओठ निघाले. मी आता त्याचं बोलणं शब्दन् शब्द वाचतो, आणि खरं सांगायचं तर पूर्वीच तो जास्त शहाणा वाटायचा.

काल ती कपाटात वाचत होती. आम्ही दोघं नेहमीप्रमाणे लाकडाला हात लावून. मधेच आवाज खाली गेला आणि थरथरत राहिला. आमच्या हिने हातांनी सांगितलं, कुणीतरी रडतंय. मी म्हटलं, छे, हसतंय. तिचं रडणं, माझं हसणं, असं बराच वेळ चाललं, शेवटी चहावर पैज लागली. दार उघडल्याबरोबर दोघांनी सूनबाईला गाठलं.

"त्या पानावर रडतंय की हसतंय?"

"कुणीच नाही," ती म्हणाली. "एक म्हातारा आणि म्हातारी भांडतायत."

आमच्या हिने माझ्याकडे बघितलं आणि हातांनी म्हणाली, तरीच ओळखीचं वाटत होतं. चहा मात्र मीच केला. साखर घातली की नाही, यावर अजून एकमत झालेलं नाही.